गारेच्या पोटातला कण

लहानपणी घाटनांदूरला आजोळी गेलो की गारा वेचून खायचा नाद होता. पत्र्यावर ताशा बडवल्यासारखा आवाज सुरू झाला की आम्ही पोरं डोक्यावर घमेलं नाहीतर पाटी धरून अंगणात. गार तोंडात टाकली की दात शिवशिवायचे. विरघळत विरघळत ती ज्वारीच्या दाण्याएवढी उरली की कधीतरी जिभेला बारीकशी कचकच लागायची. मी थुंकलो की आजी म्हणायची, "आभाळात काय धूळ नसती व्हय रं?"

आजीचं बरोबर होतं. जिभेला लागायची ती वावटळीनं वर नेलेली माती असणार. गारेची सुरुवात करणारा कण त्याहून कितीतरी बारीक असतो, साध्या डोळ्यांना दिसत नाही आणि दातालाही लागत नाही. पण तो असतोच. तो नसता तर गार होणं तर अवघडच होतं, पाऊससुद्धा आत्ता पडतो तितका पडला नसता.

शाळेत आपण घोकलं की पाणी शून्य अंशाला गोठतं. हे अर्धंच खरं आहे. शून्य अंशाला बर्फ वितळतो, हे पक्कं. पाणी मात्र शून्याच्या खाली गेलं म्हणून लगेच गोठेलच असं नाही. ढगातला बारीक थेंब अगदी निर्मळ असेल, तर तो उणे १०, उणे २०, उणे ३० अंशांनाही पाणीच राहतो. उणे ३८ अंशांच्या आसपास त्याचा निरुपाय होतो आणि तो आपसूक गोठतो. त्याआधी गोठायचं तर त्याला कुणाचा तरी आधार लागतो.

याचं कारण पंगतीसारखं आहे. लग्नाच्या मांडवात पाचशे माणसं इकडून तिकडं फिरतायत, सगळ्यांना भूक लागलीय, पण पट्ट्या अंथरलेल्या नाहीत. चारजण मिळून बसतात, कुणी धक्का देतं, उठतात. पाण्याच्या रेणूंचं तसंच होतं. बर्फात रेणू ठरावीक कोनात, ठरावीक अंतरावर बसतात. थंड पाण्यात अशा लहान लहान ओळी सतत जमतात आणि मोडतात. एक ओळ पुरेशी मोठी झाली की मग ती मोडत नाही, सगळा थेंब तिच्यामागं बसत जातो. पण ती पहिली ओळ जमणं अवघड. अशा वेळी कुणीतरी पट्टी अंथरून ठेवलेली असेल, म्हणजे बर्फाच्या रेणूरचनेशी जुळेल असा एखादा पृष्ठभाग थेंबात असेल, तर काम सोपं होतं. असा पृष्ठभाग देणाऱ्या कणाला आपण बर्फबीज म्हणू. घरातली उपमा हवी तर विरजण म्हणा. फरक इतकाच की दह्याचं विरजण वाढत जातं, हे वाढत नाही. एका थेंबाला एक कण, संपलं.

हे विरजण दुर्मीळ असतं. एका लिटर हवेत धुळीचे, धुराचे, मिठाचे मिळून लाखो कण असतात. त्यातला उणे २० अंशांना बर्फ धरवू शकेल असा कण ढोबळमानानं एखादाच. पण तो एखादा पुरतो. ढगात एक थेंब गोठला की तो शेजारच्या पाण्याच्या थेंबांची वाफ ओढून घेऊन फुगतो, जड होतो, खाली यायला लागतो, वाटेत भेटतील ते थेंब अंगावर घेतो. वाटेत हवा उबदार असली की वितळून पाऊस होतो. वरच्या झोतानं त्याला पुन्हा पुन्हा वर उचललं की गार होते. एखादी मोठी गार सुरीनं मधोमध कापून पाहा. कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक काचेसारखा नितळ, एक दुधी, पुन्हा नितळ. मधोमध असतो तो तिचा जन्म.

अमेरिकेतल्या माँटाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारातच जून २०१० मध्ये ५ सेंटिमीटरहून मोठ्या गारा पडल्या. तिथल्या संशोधकांनी त्या गोळा करून थरानं थर वितळवल्या आणि प्रत्येक थरातलं पाणी तपासलं. सगळ्यांत जास्त जिवंत जिवाणू सापडले ते गारेच्या पोटात.

जिवाणू आणि बर्फ यांची ही सोयरीक उघडकीला आली ती शेतातून. विस्कॉन्सिन राज्यात मक्याच्या रोगाचा अभ्यास करणारे लोक रोगट पानं वाळवून त्यांची पूड करायचे आणि ती निरोगी मक्यावर भुरभुरायचे, रोग लागतो का पाहायला. एका रात्री थंडी पडली. सकाळी पाहतात तर पूड टाकलेला मका होरपळलेला आणि शेजारचा, पूड न टाकलेला मका ठणठणीत. पुढं १९७० च्या दशकात कोडं सुटलं. पानांवर राहणारा स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा जिवाणू आपल्या अंगावर एक प्रथिन बाळगतो, आणि ते प्रथिन पाण्याला उणे २ अंशांनाच गोठवतं. पानाच्या पेशी गोठून फुटल्या की आतलं अन्न त्याला मोकळं. चोरानं कुलूप फोडायला थंडीचा हातोडा वापरावा, तसं. आज बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी डोंगरावर नकली बर्फ पाडतात, त्या पाण्यात याच जिवाणूची मारून सुकवलेली भुकटी घालतात.

त्याच सुमाराला गॅबर वाली आणि रसेल श्नेल या दोघांनी वायोमिंगमध्ये कुजलेल्या पाल्यात उत्तम बर्फबीज असल्याचं दाखवलं. नंतर बुरशीही या यादीत आली. आपल्या हरभऱ्याला मर लागते ती फ्युझेरियम बुरशीमुळं. त्याच कुळातल्या काही जाती बर्फ धरवतात. मॉर्टिएरेला अल्पिना नावाची मातीतली बुरशीही त्यातलीच. तिची गंमत अशी की तिचं बर्फबीज तिच्या अंगाला घट्ट चिकटलेलं नसतं, पाण्यात सहज धुऊन निघतं. बुरशी मातीतच राहते आणि तिनं केलेलं प्रथिन पावसाच्या पाण्याबरोबर ओघळीला लागतं.

इथून गोष्ट नदीकडं वळते.

मिसिसिपी आणि तिच्या मोठ्या उपनद्यांच्या पाण्यात अशी बर्फबीजं मुबलक असल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं. मला जास्त जवळचं वाटलं ते त्याच वर्षीचं ओहायोमधल्या मॉमी नदीवरचं काम. ती नदी ईरी सरोवराला मिळते आणि तिचं खोरं म्हणजे मका आणि सोयाबीनचा मुलूख. अंबाजोगाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला तिथं नेऊन सोडलं तर निदान पीक तरी ओळखीचं वाटेल. संशोधकांना नदीच्या पाण्यात सरोवरापेक्षा जास्त बर्फबीजं मिळाली. बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान होते. पाणी तापवलं की त्यांची ताकद जायची, म्हणजे ती प्रथिनासारखी वस्तू होती, खनिज नव्हे. नदीला पाणी वाढलं की, उणे १० अंशांच्या आधीच काम करणारी ही तेज बीजंही वाढायची. याचा अर्थ ती नदीत तयार होत नव्हती, शेतांमधून वाहून येत होती. त्यांची गोठवण्याची तऱ्हा मातीतल्या मॉर्टिएरेलाशी जुळत होती. नदीवर एक बंधारा आहे. त्यावरून पाणी कोसळून जे तुषार उडतात, तिथल्या हवेत ही बीजं इतर ठिकाणच्या सरासरी तिप्पट भरली.

हे मोजतात कसं, तेही सांगण्यासारखं आहे, कारण कुठलंही भपकेदार यंत्र न लावता हे जमतं. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये गोळीच्या पाकिटासारखे बारीक खळगे असतात. प्रत्येकात नदीच्या पाण्याचे काही थेंब घालायचे आणि ट्रे हळूहळू थंड करत जायचा. उणे ४ ला एक खळगा पांढरा होतो, उणे ६ ला आणखी चार, उणे ९ ला निम्मे. किती खळगे किती अंशांना गोठले यावरून मूळ पाण्यात किती बीजं होती याचा हिशोब निघतो. मग तेच पाणी उकळीच्या जवळ तापवून पुन्हा थंड करायचं. गोठणं उणे १५ च्या खाली घसरलं तर समजायचं की बीज प्रथिनाचं होतं, आणि ते शिजून निकामी झालं.

आता घाटनांदूर. लातूर रोड ते परळी लोहमार्गावरचं हे स्टेशन बालाघाटाच्या माथ्यावर आहे. बालाघाट म्हणजे घराच्या आढ्यासारखा. त्याच्या उत्तर अंगाला उतरलेलं पाणी परळीच्या बाजूनं गोदावरीकडं जातं. दक्षिण अंगाला उतरलेलं मांजरेला मिळतं. मांजरा बीड जिल्ह्यातच, पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, लातूर-बिदरकडून वळसा घेत सुमारे ७२४ किलोमीटर चालते आणि तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीतच येऊन पडते. म्हणजे छपराच्या कुठल्याही पाख्यावरून पाणी घरंगळलं तरी हौद एकच. पुढं गोदावरी राजमहेंद्रीखाली धवळेश्वरमचा बंधारा ओलांडून फाटे फुटत बंगालच्या उपसागराला मिळते.

मृगाचा पहिला दणका बसला की इथल्या ओढ्याचं पाणी पाहा. चहाच्या रंगाचं, फेसाळ, वर मागच्या हंगामाचं भुसकट तरंगतंय, सोयाबीनचा कुजका पाला, शेणाचे पोपडे, बाभळीच्या शेंगा. उन्हाळाभर मातीत, पाल्यात, बुरशीत जे साठलं ते एका दुपारी निघून जातं. आपल्याकडं त्याला सरळ 'गढूळ पाणी' म्हणतात आणि नितळ होईपर्यंत कुणी पीत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं वर्षातलं सगळ्यांत मोलाचं पाणी तेच. मॉमी नदीचा धडा इथं लावला तर बीजांची खरी वाहतूक या चार-सहा पुरांमध्येच व्हायची.

आपली काळी माती बेसॉल्टची झालेली. धुळीच्या खनिजांत बर्फ धरायला सगळ्यांत तरबेज म्हणजे पोटॅशवालं फेल्डस्पार, असं इंग्लंडमधल्या लीड्सच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलं. आपल्या दगडात फेल्डस्पार आहे, पण मुख्यतः दुसऱ्या जातीचं, त्या मानानं मंद. काळ्या मातीला फुगवणारी आणि भेगा पाडणारी चिकणमातीही या कामात मध्यम. म्हणून माझा अंदाज असा की बालाघाटाच्या मातीतलं तेज बीज दगडातून येणारं नाही, ते तिच्यातल्या सेंद्रिय भागातून येणार. ज्या रानात पाला कुजतो तिथं ते असणार. ज्या रानात धसकटं पेटवून देतात तिथं ते जळणार.

समुद्रापर्यंत जाता जाता वाटेत धरणं आहेत. मांजरेवर धनेगावचं धरण, पुढं निजामसागर १९३१ पासून, आणखी खाली गोदावरीवर श्रीरामसागर. गोदावरी समुद्रात नेत असलेला गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे साडेचौदा कोटी टन होता. १९९० च्या दशकात तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. गाळ धरणात बसतो, बसणारच. मायक्रॉनहून बारीक प्रथिनाचं तसं नाही. ते तळाशी बसायला तितकं जड नाही, दारं उघडली की पाण्याबरोबर निघतं. अर्थात दारं उघडली तर. २०१६ साली मांजरेचं धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी ही नदी समुद्राला काय देणार? बीजही नाही आणि पाणीही नाही.

समजा पूर आला, दारं उघडली, आणि पाणी समुद्राला मिळालं. समुद्रातलं बीज ढगात कसं जाणार? बुडबुड्यातून. सोडावॉटरच्या ग्लासावर नाक नेलं की जसे बारीक तुषार लागतात तसंच लाट फुटली की होतं. हवेचा बुडबुडा वर येतो, त्याची पातळ टोपी फुटून शेकडो सूक्ष्म थेंब उडतात, मागोमाग खालून एक पिचकारी उठते. समुद्राच्या पृष्ठभागावर सेंद्रिय द्रव्यांची एक पातळ साय असते, दुधावर असते तशी. बुडबुडा ती साय अंगाला लावूनच फुटतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अटलांटिक आणि आर्क्टिकमधल्या या सायीचे नमुने तपासले तेव्हा तिच्यात खालच्या पाण्यापेक्षा जास्त बर्फबीजं निघाली. त्यातली बरीच समुद्रातल्या शेवाळाच्या द्रव्यातून आलेली. पण सगळीच समुद्राची घरची नाहीत. कॅनडाच्या आर्क्टिक समुद्रात २०१४ आणि २०१६ मध्ये नमुने घेतले गेले, तेव्हा दिसलं की पाणी जितकं कमी खारट, म्हणजे त्यात गोडं पाणी जितकं जास्त मिसळलेलं, तितकं ते लवकर गोठायचं. खारटपणामुळं गोठणबिंदू उतरतो, तो हिशोब वजा करूनसुद्धा. जमिनीवरून आणि वितळणाऱ्या बर्फातून आलेल्या पाण्याकडं तिथं बोट दाखवलं गेलं.

बंगालचा उपसागर हा जगातल्या कमी खारट समुद्रांपैकी एक. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या सगळ्या त्यातच ओततात. त्याच उपसागरात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ओडिशा-आंध्रावरून पश्चिमेकडं सरकतात, आणि त्यातला एखादा नीट चालत आला की मराठवाड्यात दोन दिवस झड लागते. आमच्याकडं परतीच्या पावसाच्या आशेवर बसलेला शेतकरी रेडिओवर 'बंगालच्या उपसागरात' हे शब्द ऐकले की कान टवकारतो, ते उगीच नाही.

मग बालाघाटाचा कण गोदावरीतून समुद्रात, समुद्रातून ढगात, आणि ढगातून पुन्हा बालाघाटावर, असा फेरा पुरा झाला म्हणायचा का? कल्पना गोड आहे आणि भाषणात टाळ्या घेईल. पण पैज लावायची तर मी लावणार नाही. समुद्राचे तुषार हे बर्फबीजाचं तसं क्षीण उगमस्थान आहे. जमिनीवर धूळ, पराग, बुरशीचे बीजाणू, पानांवरचे जिवाणू वाऱ्यानं थेट वर जात असताना मराठवाड्याच्या ढगाला समुद्रामार्गे आलेल्या कणाची वाट पाहायची गरज पडत नाही. घाटनांदूरला मार्चमध्ये पडणाऱ्या गारेच्या पोटातला कण शेजारच्या बांधावरचा असण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. नदीनं नेलेल्या बीजाची खरी किंमत आहे ती दूर समुद्रावर, जिथं जमिनीची धूळ पोचत नाही आणि ढग विरजणाला महाग असतात. तिथं ढग गोठतो की पाण्याचाच राहतो, यावर तो ऊन किती परतवतो आणि किती टिकतो हे ठरतं. हवामानाची गणितं मांडणाऱ्यांना म्हणून या कणांची चिंता असते.

विरजण विमानातून घालायचा उद्योगही आपण करून पाहिलाय. १९४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बर्नार्ड व्हॉनेगट यांनी शोधलं की सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची रचना बर्फाशी इतकी जुळते की ते उणे ५-६ अंशांपासूनच पाणी गोठवतं. (कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांचे हे थोरले भाऊ. धाकट्यानं नंतर एका कादंबरीत सगळे समुद्रच गोठवून टाकले.) दुष्काळाच्या २०१५ साली ऑगस्टमध्ये औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, मराठवाड्याच्या ढगांवर याच रसायनाच्या नळकांड्या पेटवणारं विमान उडालं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे प्रयोग त्याहून जुने आणि शिस्तीचे. बारामती भागात १९७० आणि ८० च्या दशकांत त्यांनी ढगात मिठाची पूड टाकली, २०१८-१९ मध्ये सोलापूरला कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या वापरल्या. मिठाचं काम वेगळं, ते बर्फ करत नाही, थेंब मोठे करतं. पण कुठलंही विरजण घाला, आधी भांड्यात दूध पाहिजे. निरभ्र आभाळात चांदी उडवून पाऊस पडत नाही, हे २०१५ नं सगळ्यांना शिकवलं.

तुमच्या फ्रीजमध्ये फ्रीझर असेल तर या मृगात एक करून पाहा. ताटलीवर ॲल्युमिनियमची फॉइल ताणून बसवा, तिच्यावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्याचे वीस थेंब ड्रॉपरनं एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला पहिल्या पुराच्या ओढ्याचं पाणी फडक्यातून गाळून त्याचे वीस. दोन्ही बाजूंचे थेंब सारख्याच आकाराचे घ्या, पाणी बदलताना ड्रॉपर धुवा. ताटली फ्रीझरमध्ये ठेवून चार-पाच मिनिटांनी एकदाच डोकवा, मग दर दोन मिनिटांनी. गोठलेला थेंब दुधी होतो, न गोठलेला चमकत राहतो. आधी कुठली बाजू पांढरी होते ते मोजा. आणि मध्ये कुणाला दार उघडून पाण्याची बाटली काढू देऊ नका, सगळा हिशोब चुकतो.